दोन हजारांच्या आतले इअरबड्स: बदलून घ्यायच्या मुदतीत घरी कसे तपासायचे?

सूरपारखी

हजार ते दोन हजार रुपयांतले ट्रू वायरलेस इअरबड्स कोणते घ्यावेत, हा प्रश्न इथे सतत येतो आणि उत्तरात मॉडेलची नावं येतात. चार-सहा महिन्यांत ती मॉडेल्स बाजारातून जातात आणि धागा निरुपयोगी होतो. म्हणून हा धागा तपासणीचा. नाव कोणतंही असो, माल घरी आल्यावर काय बघायचं, ते इथे जमवू या.

आधी एक गोष्ट. ऑनलाइन घेताना परतीची अट वाचा. बऱ्याच ठिकाणी ७ दिवसांत फक्त 'बदलून मिळेल' असतं, पैसे परत नाहीत. आणि बदलून देतानाही काय बिघडलं ते विचारतात. 'आवाज आवडला नाही' हे चालत नाही, 'डावा कान चार्ज होत नाही' हे चालतं. त्यामुळे तपासणी पहिल्या दोन दिवसांतच उरकायची.

सुरुवात गाण्यापासून करू नका, बडच्या टोकाला असलेल्या रबरापासून करा. खोक्यात रबराच्या तीन जोड्या असतात, त्यातली मधली लावून येते आणि बहुतेक जण आयुष्यभर तीच वापरतात. उजव्या आणि डाव्या कानाची भोकं सारखी असतीलच असं नाही. एका कानात मधलं आणि दुसऱ्यात मोठं रबर बसणं अगदी सामान्य आहे.

घालायची रीत: दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बड आत सरकवायचा, मग किंचित फिरवून टेकवायचा. आता ज्यात सतत खर्ज आहे असं काहीतरी लावा आणि बड बोटाने अगदी हलका आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर रबर गळतंय, एक माप मोठं लावा. दाबून फरक पडत नसेल तर बरोबर बसलंय. मग घास चावल्यासारखा जबडा हलवा. खर्ज येतोजातो का? येत-जात असेल तर चालता-बोलताना हाच त्रास होणार.

याचं कारण सोपं आहे. बडमधला आवाज काढणारा पडदा, म्हणजे ड्रायव्हर, इतका छोटा असूनही खर्ज काढू शकतो तो केवळ कानाच्या नळीतली थोडीशी हवा बंद असते म्हणून. फट राहिली की खालच्या सुरांचा दाब बाहेर निघून जातो, वरचे सूर मात्र तसेच राहतात. 'आवाज पत्र्यासारखा येतो' अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी रबर बदलून बघावं. फट असताना केलेली बाकी कोणतीही तपासणी धरू नये, नॉइज कॅन्सलेशनचीसुद्धा.

---

जवारी

उत्तम धागा. आवाजाच्या तपासणीत भर घालतो.

खर्ज दणकणारी गाणी लावून या किमतीचे बड्स पारखता येत नाहीत, कारण तेवढं तर सगळेच करतात. १०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा आणि वरच्या टोकाला धार, हा साचा ठरलेला आहे. दुकानात पहिल्या अर्ध्या मिनिटात तो आवडतो आणि तासाभराने कान शिणतात. आपल्या संगीतात याहून चांगले मापदंड आहेत.

पहिला, नुसता तानपुरा. पाच मिनिटं. चांगल्या बडमध्ये प्रत्येक तार छेडल्यावर जवारीचा (तार घोडीवर घासून येणारा) झंकार ऐकू येतो, म्हणजे सूर हळूहळू उलगडत वर जातो आणि विरतो. वाईट बडमध्ये चारही तारांचा मिळून एकच गुंजारव होतो.

दुसरा, तबला. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड आणि नुसता 'धप्प' यात फरक कळतो का ते बघा. खर्ज फुगवलेला असेल तर मींड हरवते, सगळे बोल एकाच जाडीचे होतात. आणि डग्ग्याच्या खाली गायकाचा आवाज दबतोय का, तेही ऐका. पुरुषी आवाजाचा खालचा भाग त्याच पट्ट्यात असतो, त्यामुळे तो आधी गढूळ होतो.

तिसरा, अभंगातले टाळ. हे मला सगळ्यात कठीण वाटतं. टाळांचा आवाज वरच्या पट्टीत पसरलेला असतो आणि सारखा चालू असतो. स्वस्त ड्रायव्हर तिथे किरकिरतो. ब्लूटूथवर दाबलेल्या आवाजाचं कमी-जास्तही तिथेच उघडं पडतं: टाळ 'छन्' असा न वाजता पाण्यातून आल्यासारखा 'छ्श्श' वाजतो. रेंज कमी असताना कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) बिटरेट (दर सेकंदाला पाठवायची माहिती) उतरवतो तेव्हा हे चटकन पकडता येतं.

चौथा, बाईमाणसाच्या वरच्या पट्टीतल्या गाण्यातले 'स' आणि 'श'. ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये टोक असेल तर प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो. निवेदन किंवा पॉडकास्ट ऐकणाऱ्यांनी हे नक्की तपासावं, कारण तिथे तासभर 'स'च ऐकायचा असतो.

हे सगळं एकाच आवाजाच्या पातळीवर करा. जो जोड थोडा जास्त मोठ्याने वाजतो तो नेहमीच बरा वाटतो, त्याने फसू नका. आणि कंपनीच्या अॅपमधला 'बास बूस्ट' आधी बंद करा.

---

नवखा_श्रोता

दोघांचेही आभार. पण खोक्यावरच्या आकड्यांचं काय करायचं? '१३ मिमी ड्रायव्हर', 'ब्लूटूथ ५.४', '५० तास', '४ माइक ईएनसी', 'गेमिंग मोड ४० मिलिसेकंद'. यातलं काय बघून घ्यायचं?

---

सोल्डरगन

एकेक घेऊ.

ड्रायव्हरचे मिलिमीटर: दुर्लक्ष करा. १० मिमीचा नीट जुळवलेला पडदा १३ मिमीच्या ढिसाळ पडद्यापेक्षा चांगला वाजतो. पडद्याचा ताण, मागची हवेची पोकळी, नळीतली जाळी आणि चिपमधलं इक्वलायझर यांवर आवाज ठरतो. यातलं काहीच खोक्यावर लिहीत नाहीत.

ब्लूटूथ ५.३ की ५.४: आवाजात फरक नाही. गाणं जातं ते एसबीसी किंवा एएसी कोडेकने. एसबीसी प्रत्येक बडमध्ये असतोच. नवा एलसी३ कोडेक एलई ऑडिओबरोबर येतो, पण त्यासाठी फोन आणि बड दोन्हीकडे ती सोय हवी. नुसता ५.३ आकडा असला म्हणजे ती असतेच असं नाही.

'५० तास' याचं गणित मांडून दाखवतो. हा बडच्या एका चार्जिंगचा आणि डबीतून होणाऱ्या पुढच्या चार्जिंगांचा मिळून आकडा असतो, तोही साधारण निम्म्या आवाजावर आणि नॉइज कॅन्सलेशन बंद ठेवून. समजा बडमध्ये ४० एमएएच, दोन बड मिळून ८०. डबीत ४०० एमएएच. वरवर वाटतं की पाच वेळा भरतील. पण डबीतली बॅटरी ३.७ व्होल्टची, ती आधी ५ व्होल्टपर्यंत चढवावी लागते, त्यात साधारण १० टक्के जातात. बडमधलं साधं चार्जिंग सर्किट ५ व्होल्ट पुन्हा बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवतं आणि फरक उष्णतेत घालवतं, म्हणजे आणखी चौथा हिस्सा गेला. हातात उरतात ४०० पैकी २६५-२७०. भागिले ८०, म्हणजे तीन-सव्वातीन वेळा. बड एका चार्जला ६ तास चालत असेल तर एकूण पंचवीसेक तास.

म्हणून एकूण तास वाचूच नका. 'एका चार्जिंगला, नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून किती' हा एकच आकडा शोधा. तपासायचं असेल तर रात्री दोन्ही बड पूर्ण भरून ६० टक्के आवाजावर गाणी लावून टेबलावर ठेवा आणि कोणता बड आधी बंद पडतो ते बघा. कानात आहे की नाही ओळखणारा सेन्सर असेल तर तो अॅपमधून आधी बंद करा, नाहीतर गाणंच थांबेल. दोघांत १०-१५ मिनिटांचा फरक चालतो. तासाचा फरक असेल तर एक बॅटरी पहिल्या दिवसापासून कमजोर आहे, बदलून घ्या.

आणि एक, जे फार लोकांना छळतं. डबीला टाइप-सी भोक असतं, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने ती चार्जच होत नाही. बिघाड समजून लोक परत पाठवतात. खरं कारण असं की त्या भोकामागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, त्यांवरून चार्जरला कळतं की समोर वीज घेणारं उपकरण आहे. चार पैसे वाचवायला ते गाळलेले असतात. चौकोनी यूएसबी-ए टोकाच्या जुन्या केबलने तीच डबी व्यवस्थित चार्ज होते. तरीही ७ दिवसांत कळलं तर परत करायला हे पुरेसं कारण आहे, कारण जिथे रेझिस्टर वाचवले तिथे आणखी काय वाचवलं असेल हा प्रश्न उरतो. मोठ्या वॅटच्या चार्जरची भीती मात्र बाळगू नका. मागितल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही.

---

फास्टलोकल

ईएनसी आणि एएनसी यांतला गोंधळ हा या किमतीतला सगळ्यात मोठा फसवणुकीचा मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट कमी करणं. फायदा समोरच्याला. तुम्हाला लोकलचा खडखडाट तेवढाच ऐकू येणार. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा गोंगाट कमी करणं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'नॉइज कॅन्सलेशन' आणि खाली बारीक 'ईएनसी' असेल तर तिथे एएनसी नाही, हे समजून घ्या.

एएनसी असलं तरी '४५ डेसिबल' हा आकडा कुठल्या तरी एका खालच्या कंपनसंख्येवरचा सर्वोच्च असतो, सगळीकडचा नव्हे. उलट्या लहरीने आवाज खोडायचा तर ती लहर अचूक वेळेवर कानात पोचावी लागते. १ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ३४ सेंटिमीटर, तिथे जराशी वेळ चुकली की खोडण्याऐवजी भर पडते. त्यामुळे पंखा, एसी, एसटीचं इंजिन, विमानाची घरघर हे आवाज जातात. शेजाऱ्याच्या गप्पा, डब्यातली भजनं, स्टेशनची घोषणा, कुकरची शिट्टी यांना थोपवतं ते रबर.

घरची तपासणी: छताचा पंखा पाचवर, दोन्ही बड कानात, गाणं बंद. एएनसी चालू-बंद करा. चालू केल्यावर पंख्याची घुमघुम खाली गेली पाहिजे आणि हवेची सळसळ तेवढी उरली पाहिजे. काहीच फरक कळला नाही तर रबर तपासा, मग पुन्हा. नंतर रात्री शांत खोलीत एएनसी चालू ठेवून बारीक 'श्श्श' ऐकू येतो का बघा. थोडा असतोच. पण पॉडकास्टमधल्या दोन वाक्यांच्या मधे तो जाणवत असेल तर रोज जाणवेल. कानात दडपण किंवा गरगरल्यासारखं वाटतंय का तेही पहिल्या दिवशीच कळतं.

माइक तपासताना एक चूक होते. फोनमधलं रेकॉर्डिंगचं अॅप बऱ्याचदा फोनचाच माइक वापरतं, बडचा नव्हे, आणि लोक खूश होतात. खरा फोन लावा. पलीकडच्याला स्पीकरवर घेऊन दुसऱ्या फोनने रेकॉर्ड करायला सांगा. तुम्ही आधी शांत खोलीत बोला, मग स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना, मग पंख्याच्या झोतासमोर. झोतात बहुतेक स्वस्त माइक हार मानतात. मिक्सर चालू असताना गोंगाट गेला पण तुमचीही अर्धी अक्षरं गिळली गेली, असंही होतं. अशा वेळी कमी कापणारा माइक बरा.

आणि कळकळीने सांगतो, रूळ ओलांडताना, रस्त्यावर, दुचाकीवर एएनसी नको, बड्सच नकोत. बाहेरचा आवाज आत सोडणाऱ्या ट्रान्सपरन्सी मोडवर विसंबू नका. स्वस्त बड्समध्ये आवाज कुठल्या दिशेने येतोय हे त्यातून नीट कळत नाही.

---

नवखा_श्रोता

लॅपटॉपला जोडल्यावर गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. बड्स खराब आहेत का?

---

सोल्डरगन

नाहीत. गाणी ए२डीपी या एकदिशी वाटेने येतात. माइक सुरू झाला की जोडणी एचएफपी या दुहेरी वाटेवर जाते, तिथे आवाज बहुतेक वेळा ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर उतरतो. १६ किलोहर्ट्झ म्हणजे ८ च्या वरचे सूर गेलेच. महागड्या बड्सचंही बहुतेक वेळा हेच होतं. उपाय: मीटिंगच्या अॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा आणि स्पीकर म्हणून बड्स निवडा; बड्सची दोन नावं दिसत असतील तर 'स्टिरिओ'वालं घ्या. 'हँड्सफ्री' असं लिहिलेलं निवडू नका. आवाज लगेच सुधारतो.

---

रात्रपाळी

एलडॅक हा जास्त बिटरेटचा कोडेक असलेले बड्स आता दोन हजारांच्या आत मिळतात. मग एसबीसी-एएसीवाले घ्यायचेच कशाला? एलडॅकचे ९९० केबीपीएस आणि एसबीसीचे ३२८ केबीपीएस यात तिप्पट फरक आहे.

---

जवारी

रात्रपाळी, आकडा बरोबर आहे, पण निष्कर्षाशी असहमत. एलडॅक ९९०, ६६० आणि ३३० अशा पायऱ्यांवर चालतो. गर्दीत, फोन खिशात असताना तो आपोआप खाली उतरतो किंवा ९९० वर अडवून ठेवला तर तुटतो. बॅटरी जास्त खातो. आयफोनवर तो नाहीच. आणि या किमतीत ड्रायव्हरची जुळवणी हीच मोठी मर्यादा आहे. १०० हर्ट्झवर सहा-सात डेसिबलचा फुगवटा असताना कोडेक बदलून तो जात नाही, इक्वलायझरने जातो.

स्वतः पडताळा: अँड्रॉइडमध्ये 'फोनबद्दल' मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, तिथे ब्लूटूथ ऑडिओ कोडेक बदलता येतो. तोच टाळांचा तुकडा दोन्हीवर ऐका आणि बदलणाऱ्याला कोणता लावलाय ते सांगू देऊ नका.

---

रात्रपाळी

शांत खोलीत, फोन समोर ठेवून ऐकणाऱ्याला फरक कळू शकतो, एवढं माझं म्हणणं कायम. गर्दीतला मुद्दा मान्य. इक्वलायझर नेमका किती लावायचा?

---

जवारी

पाच पट्ट्यांचं असेल तर सुरुवात अशी: ६० हर्ट्झला हात लावू नका, २३० वजा ३ डेसिबल, ९१० शून्य, ३.६ किलोहर्ट्झ अधिक १, सर्वात वरचा वजा २. गायकाचा आवाज पुढे येईपर्यंत २३० खाली घ्या. पट्टी वर चढवण्यापेक्षा नकोशी खाली आणणं बरं, चढवली की आवाज फाटतो. कंपनीच्या अॅपमधलं इक्वलायझर बडमध्येच साठत असेल तर उत्तम, मग लॅपटॉपवरही तेच लागू होतं. नसेल तर अँड्रॉइडवर वेव्हलेट हे इक्वलायझरचं अॅप वापरा.

---

फास्टलोकल

गेमिंग मोडचं राहिलं. व्हिडिओ बघताना आवाज मागे पडत नाही, कारण अॅप चित्रच तेवढं थांबवून धरतं. गेममध्ये तसं करता येत नाही, म्हणून साध्या मोडवर गोळी आधी दिसते आणि आवाज पावशेकंदाच्या आसपास मागून येतो. तपासायला फोनचा कीबोर्ड उघडा, टाइप करतानाचा आवाज चालू करा आणि टिचकी मारा. बोट आणि 'टिक' यांतलं अंतर मोड लावून आणि न लावता पडताळा. या मोडमध्ये रेंज कमी होते, गाण्यांसाठी तो बंदच ठेवा.

तुटक आवाजाचंही सांगतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. फोन डाव्या मागच्या खिशात ठेवून चाला, मग उजव्या, आणि कोणत्या बाजूने तुटतं ते बघा. घरात तुटत असेल तर फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

---

सोल्डरगन

नंतरच्या दुखण्यांचं इथेच लिहून ठेवतो, कारण यावर वेगळा धागा दर महिन्याला निघतो.

*एक बाजू हळू वाजते.* आधी फोनच्या अॅक्सेसिबिलिटीत ऑडिओ बॅलन्स मधोमध आहे का बघा. मग रबरं अदलाबदल करा. तरी तीच बाजू हळू असेल तर जाळीत मळ आहे. रबर काढा, बडची जाळी खाली जमिनीकडे धरा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने झाडा, म्हणजे मळ खाली पडेल, आत जाणार नाही. चिवट असेल तर भिंतीवर कागद चिकटवायची निळी मऊ पुट्टी जाळीवर टेकवून उचला. सुई, टाचणी, तोंडाने फुंकर नको. सुईने जाळी फाटते आणि फुंकरीने ओल पडद्यावर जाते.

*एक बड चार्ज होत नाही.* बहुतेक वेळा कारण घाम आणि कानातला मळ. बडवरचे धातूचे ठिपके आणि डबीतल्या टोचण्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर किंचित ओल घेऊन पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. डबीतल्या टोचण्या स्प्रिंगवर असतात, टोकाने हलक्या दाबून परत वर येतात का बघा. अडकलेली असेल तर तीच कारण. ठिपके हिरवट झाले असतील तर घाम पुसायची सवय लावा, कारण ओला बड डबीत गेला की वीज आणि मीठ मिळून धातू खातात.

*दोन्ही बड एकमेकांना सापडत नाहीत.* फोनमधून नाव काढून टाका, बड डबीत ठेवा, झाकण उघडं ठेवून डबीचं बटण १० सेकंद दाबा. बटण नसेल तर दोन्ही बडवर एकाच वेळी बोट ठेवून धरायचं असतं, किती सेकंद ते माहितीपत्रकात बघा.

बॅटरी मात्र बदलण्यासारखी नसते. बहुतेक बड गोंदाने बंद केलेले असतात आणि रोज वापर असेल तर दीड-दोन वर्षांत वेळ जाणवण्याइतका कमी होतो. म्हणून या वस्तूवर दोन हजारांहून जास्त घालवताना विचार करा. मरतील तेव्हा ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात लिथियम नको.

---

नवखा_श्रोता

पावसात चालतील का? आयपीएक्स४ लिहिलंय.

---

सूरपारखी

आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडणारे शिंतोडे. घाम आणि भुरभुर चालेल, धो-धो पाऊस नाही. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याचा झोत, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. हे मानांकन बहुतेक वेळा फक्त बडचं असतं, डबीचं नाही. त्यामुळे भिजलेला बड पुसल्याशिवाय डबीत घालू नका. आणि पाण्याने बिघडलं तर वॉरंटी मिळेलच असं धरू नका, अट वाचा.

खोक्यावर आणखी एक बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखालचा 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. वायरलेस इअरफोनला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणाच्या नावाने नोंद आहे ते दिसतं. रस्त्यावर मिळणाऱ्या हुबेहूब नकलांवर तो नसतो किंवा भलत्याच वस्तूचा असतो. कानाला चिकटून असलेली लिथियम बॅटरी आहे, इथे शंभर-दोनशे वाचवू नका. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

---

कानमंत्र

सगळं वाचलं, एक राहिलं: किती मोठ्याने ऐकायचं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५. आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ वर २० तास, ८६ वर १०. लोकलमध्ये रबर नीट बसलं नसेल तर माणूस गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत जातो. बाहेरचा आवाज रबराने थांबला तर तेच गाणं ५०-६० टक्क्यांवर पुरतं.

कान खाजत असतील तर बड एक दिवसाआड वापरा, रबरं आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण कोरडी करून लावा. कोणाचे बड्स मागून घालू नका. कान दुखला किंवा पाणी आलं तर बड्स बंद आणि कानाच्या डॉक्टरांकडे.

---

नवखा_श्रोता

डाव्या कानाला मोठं रबर, उजव्याला मधलं बसलं. दाबून बघितलं, आता फरक पडत नाही. पंख्याची घुमघुम जाते. दोन टाइप-सी टोकांच्या केबलने डबी चार्ज होत नाहीये, जुन्या केबलने होते. मुदतीचे चार दिवस उरलेत, बदलून मागतो.

---

सोल्डरगन

मागा. दोन्ही केबल लावून डबीचा दिवा दिसेल असा व्हिडिओ आधी काढून ठेवा, आणि नवीन आलेली डबी पहिल्यांदा त्याच केबलला लावा.